आयपीव्ही४ वरून आयपीव्ही६ वर जाताना राउटरचे पत्ते कसे लावायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कार्यालय, कॉलेज, हाउसिंग सोसायटी किंवा छोट्या केबल-इंटरनेट व्यवसायाचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी आहे. आयपीव्ही४ ही इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची जुनी पद्धत आणि आयपीव्ही६ ही नवी; पुढे त्यांना थोडक्यात व्ही४ आणि व्ही६ म्हटले आहे. सबनेट, गेटवे, व्हीएलएएन हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असे धरले आहे. उदाहरणांतला २००१:डीबी८::/३२ हा गट फक्त लेखनासाठी राखून ठेवलेला आहे. तो खऱ्या राउटरवर टाकू नका, तिथे तुमच्या आयएसपीने (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने) दिलेला गट टाका. पत्ते आणि कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरमध्ये टाकताना अक्षरे आणि आकडे दोन्ही रोमन लिपीतच टाकावे लागतात.

आयपीव्ही४ बंद करून मग आयपीव्ही६ चालू करायचे का?

नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच इंटरफेसवर चालवायचे. याला ड्युअल स्टॅक म्हणतात. ज्या पोर्टवर आज १९२.१६८.१०.१ आहे, त्याच पोर्टवर २००१:डीबी८:५०:१०::१ हाही पत्ता लागतो आणि दोघांचा एकमेकांना काही त्रास नसतो. आयपीव्ही४ मध्ये पत्ता ३२ बिटांचा असतो, आयपीव्ही६ मध्ये १२८ बिटांचा. दोघांची हेडरे वेगळी, राउटिंग टेबले वेगळी, फायरवॉलचे नियमही वेगळे. म्हणून एकाचे दुसऱ्यात आपोआप रूपांतर होत नाही, आणि एकावर लावलेले संरक्षण दुसऱ्याला मिळत नाही. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, कारण स्थलांतरातल्या सर्वांत घातक चुका इथेच होतात.

घाई कशाला? आमचे आयपीव्ही४ व्यवस्थित चालले आहे.

आयपीव्ही४ चे मोकळे पत्ते केव्हाच संपले. आयएएनए या जागतिक संस्थेकडचा शेवटचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटला गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या भागाची नोंदणी संस्था एपीएनआयसी शेवटच्या गटावर आली. आज नवीन ब्रॉडबँड जोडणीवर बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक पत्ता मिळत नाही, कॅरिअर नॅटमागचा (एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या आयएसपीच्या सोयीमागचा) सामायिक पत्ता मिळतो. राउटरच्या वॅन (आयएसपीकडच्या बाजूच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही त्या नॅटमागे आहात. पोर्ट फॉरवर्ड कितीही केले तरी बाहेरून सीसीटीव्ही किंवा व्हीपीएन लागत नाही, ते यामुळेच. आयपीव्ही६ वर प्रत्येक यंत्राला खरा पत्ता मिळतो आणि ही अडचण मुळातच उरत नाही.

आमच्या जोडणीवर आयपीव्ही६ येते की नाही, कसे ओळखायचे?

राउटरच्या स्थिती पानावर वॅन आणि लॅन (आतल्या यंत्रांची) दोन्ही बाजूंचे आयपीव्ही६ पत्ते पाहा. पब्लिक पत्ता २ किंवा ३ ने सुरू होतो. भारतात तो बहुधा २४०१, २४०५, २४०९ असा दिसतो, कारण २४००::/१२ हा मोठा गट एपीएनआयसीकडे आहे.

वॅनला पब्लिक पत्ता आहे पण लॅनला नाही, तर प्रीफिक्स डेलिगेशन, म्हणजे आतल्या लॅनसाठी पत्त्यांचा गट (प्रीफिक्स) सोपवणे, झालेले नाही. आयएसपीने तुमच्या राउटरपुरता पत्ता दिला, आतल्या यंत्रांसाठी गट दिला नाही.

वॅनला फक्त एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर लगेच निराश होऊ नका. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणाऱ्या) जोडणीवर आयपीव्ही६ ची बोलणी होतात तेव्हा फक्त लिंक-लोकल पत्ता, म्हणजे त्या एका दुव्यापुरता चालणारा पत्ता, ठरतो. अशा वेळी प्रीफिक्स मिळाला आहे का ते पाहायचे. तो असेल तर वॅनला पब्लिक पत्ता नसला तरी सगळे चालते.

आयएसपीकडे नेमके काय मागायचे?

नुसते ‘आयपीव्ही६ चालू करा’ म्हटले तर बरेचदा एकच /६४ मिळतो. तो एका लॅनपुरता असतो. पाहुण्यांचे वायफाय, सीसीटीव्ही आणि कार्यालय वेगळे ठेवायचे असेल तर तो अपुरा पडतो. मागणी लेखी करा आणि त्यात या गोष्टी स्पष्ट लिहा: प्रीफिक्स किती मोठा (छोट्या कार्यालयाला /५६ म्हणजे २५६ सबनेट, संस्थेला /४८ म्हणजे ६५,५३६ सबनेट), तो कायमचा की बदलता, वॅन दुव्यावरचा पत्ता आणि पुढच्या राउटरचा पत्ता कोणता, आणि तुमचा गट ते तुमच्याकडे स्टॅटिक रूट करणार की डीएचसीपीव्ही६ (पत्ते आपोआप वाटणारी व्यवस्था) ने देणार.

दोन आयएसपी असतील आणि बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना आपले रस्ते कळवण्याची पद्धत) चालवायचे असेल तर स्वतःचा गट घ्या. भारतात तो निक्सीच्या अखत्यारीतल्या आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो. जागतिक राउटिंग टेबलात /४८ पेक्षा छोटा गट बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत. व्ही४ मध्ये हीच मर्यादा /२४ ची आहे.

पत्त्यांचा आराखडा कसा आखायचा?

कीबोर्डला हात लावण्याआधी हे काम पूर्ण करा. इथे अर्धा दिवस दिला तर पुढची कित्येक वर्षे निवांत जातात.

समजा २००१:डीबी८:५०::/४८ हा गट मिळाला. पहिले तीन कप्पे (‘:’ या खुणांमधले १६-१६ बिटांचे भाग) आयएसपीने ठरवले, चौथा कप्पा तुमचा, उरलेले चार कप्पे म्हणजे ६४ बिट यंत्रांचे. चौथ्या कप्प्यात व्हीएलएएनचा क्रमांक जसाच्या तसा लिहा. कार्यालयाचे व्हीएलएएन १० असेल तर २००१:डीबी८:५०:१०::/६४, सर्व्हरचे २० असेल तर २००१:डीबी८:५०:२०::/६४, पाहुण्यांचे २०० असेल तर २००१:डीबी८:५०:२००::/६४. हा कप्पा षोडशमान पद्धतीचा आहे, त्यामुळे गणिताने त्यातला १० म्हणजे १६. पण इथे तो फक्त खूण म्हणून वापरायचा आहे. व्हीएलएएन ४०९४ पर्यंतच असतात, ते चार अंकांत बसतात आणि पत्ता पाहताच कुठला विभाग ते कळते. /५६ मिळाला असेल तर मात्र तुमच्या हातात दोनच अंक राहतात आणि व्हीएलएएन २०० बसत नाही. तिथे स्वतंत्र यादी करावी लागते.

प्रत्येक सबनेटमध्ये राउटरला ::१ द्या. सर्व्हरला त्याच्या व्ही४ पत्त्याचा शेवटचा आकडा द्या, म्हणजे १९२.१६८.२०.२५ ला २००१:डीबी८:५०:२०::२५. दुव्यांसाठी आणि लूपबॅकसाठी (राउटरचा स्वतःचा, कुठल्याही पोर्टशी न बांधलेला पत्ता) एकेक /६४ बाजूला काढून ठेवा, समजा एफएफ०० आणि एफएफ०१.

गट पुढे तोडायचा असेल तर नेहमी चार बिटांच्या हद्दीवर तोडा: /४८, /५२, /५६, /६०, /६४. मध्येच /५३ केला तर हद्द एका अंकाच्या पोटातून जाते. मग पत्ता वाचून सबनेट ओळखता येत नाही आणि रिव्हर्स डीएनएसचे (पत्त्यावरून नाव शोधण्याच्या नोंदींचे) झोनही विचित्र तुटतात.

एका लॅनला /६४ म्हणजे केवढी उधळपट्टी! /१२० केला तर चालेल का?

व्ही४ मध्ये एकेक पत्ता जपून वापरायची सवय हाडीमासी खिळलेली असते. इथे ती सोडावी लागते. यंत्र स्वतःचा पत्ता स्वतः बनवते ती एसएलएएसी पद्धत ६४ बिटांच्या मागच्या भागावर बेतलेली आहे. /१२० किंवा /८० केलात तर बहुतेक फोन-लॅपटॉप पत्ताच घेणार नाहीत, आणि राउटर मात्र काही तक्रार दाखवणार नाही. लॅनला /६४ च द्या. सबनेट यंत्रांच्या संख्येवर नव्हे तर विभागांच्या संख्येवर मोजा.

अपवाद दोन. दोन राउटरांमधल्या थेट दुव्याला /१२७ द्या, उदाहरणार्थ २००१:डीबी८:५०:एफएफ००::/१२७, एका टोकाला ::० आणि दुसऱ्याला ::१. अशा दुव्यावर /६४ ठेवला तर कोणीही त्यातल्या नसलेल्या पत्त्यांवर मारा करून राउटरचे शेजारी-टेबल (दुव्यावरच्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी) भरून टाकू शकतो. काही प्रकारच्या दुव्यांवर तर असे पॅकेट दोन्ही टोकांमध्ये टोलवले जात राहते. आणि लूपबॅकला /१२८.

सिस्को राउटरवर स्टॅटिक गट लावायचा आहे. क्रम सांगा.

आधी चालू कॉन्फिगरेशन जपून ठेवा आणि राउटरजवळ कन्सोल केबल लावलेली असू द्या.

१. ‘आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग’ ही कमांड द्या. सिस्को आयओएसच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती मुळात बंद असते. ती नसेल तर इंटरफेसवर पत्ते लागतात, राउटरवरून पिंगही जातो, पण आतल्या यंत्रांचे एकही पॅकेट पुढे सरकत नाही. ‘राउटरवरून चालते, संगणकावरून नाही’ ही तक्रार आली की पहिल्यांदा हेच पाहा.

२. वॅन इंटरफेसवर आयएसपीने दिलेला पत्ता ‘आयपीव्ही६ अ‍ॅड्रेस’ ने लावा. याच इंटरफेसवर ‘आयपीव्ही६ एनडी आरए सप्रेस ऑल’ द्या, नाहीतर तुमचा राउटर आयएसपीच्या बाजूलाही स्वतःची गेटवे म्हणून जाहिरात (हीच आरए) करत राहील.

३. प्रत्येक लॅन इंटरफेसवर दोन पत्ते लावा: पब्लिक २००१:डीबी८:५०:१०::१/६४ आणि लिंक-लोकल एफई८०::१. दुसरा हाताने लावला नाही तर राउटर मॅक पत्त्यावरून लांबलचक काहीतरी बनवतो. उद्या राउटर बदलला की तोही बदलतो.

४. डीफॉल्ट रूट ::/० पुढच्या राउटरकडे. पुढचा पत्ता एफई८० चा असेल तर सोबत इंटरफेसचे नाव द्यावेच लागते, कारण एफई८० चे पत्ते प्रत्येक दुव्यावर पुन्हा पुन्हा येतात आणि राउटरला बाजू कळत नाही.

५. पूर्ण /४८ साठी ‘नल०’ कडे स्टॅटिक रूट टाका. हे बहुतेक जण विसरतात. आयएसपी सगळा /४८ तुमच्याकडे पाठवतो, तुम्ही त्यातले चार-पाच /६४ वापरता. न वापरलेल्या पत्त्यासाठी पॅकेट आले की तुमचा राउटर डीफॉल्ट रूटने ते आयएसपीला परत पाठवतो, आयएसपी पुन्हा तुम्हाला. हॉप लिमिट (पॅकेटला किती राउटर ओलांडता येतात ती मर्यादा) संपेपर्यंत हे चालते आणि बाहेरून कोणी मुद्दाम अशी पॅकेटे सोडली तर दुवा भरून जातो. नल रूट असला की ते पॅकेट तिथेच टाकले जाते. वापरात असलेले /६४ जास्त नेमके असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही.

६. ‘शो आयपीव्ही६ इंटरफेस ब्रीफ’, ‘शो आयपीव्ही६ रूट’ आणि ‘शो आयपीव्ही६ नेबर्स’ पाहून खात्री करा.

चुकीचा पत्ता दिला होता, योग्य पत्ता टाकला, तरी जुना जात नाही. का?

सिस्कोवर व्ही४ चा ‘आयपी अ‍ॅड्रेस’ दुसऱ्यांदा दिला की पहिला पुसला जातो. व्ही६ मध्ये तसे होत नाही. नवा पत्ता जुन्याच्या जोडीला बसतो. जुना ‘नो आयपीव्ही६ अ‍ॅड्रेस’ ने स्वतंत्रपणे काढा. तोपर्यंत राउटर दोन्ही प्रीफिक्स जाहीर करतो, यंत्रे दोन्हींतून पत्ते घेतात, आणि चुकीच्या पत्त्यावरून निघालेल्या विनंतीचे उत्तर कधीच परत येत नाही. गट बदलताना मात्र हाच गुण कामी येतो: नवा लावायचा, काही दिवस दोन्ही चालू द्यायचे, मग जुना काढायचा.

मायक्रोटिकवर पीपीपीओई जोडणी आहे. प्रीफिक्स कसा घ्यायचा?

राउटरओएस ६ मध्ये आयपीव्ही६ चे पॅकेज मुळात बंद असते. ते चालू करून राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. ७ मध्ये ते आतच आहे. पीपीपी प्रोफाइलमध्ये आयपीव्ही६ चा वापर ‘येस’ आहे ना ते पाहा.

मग आयपीव्ही६ विभागातल्या डीएचसीपी क्लायंटमध्ये नवीन नोंद करा. इंटरफेस म्हणून पीपीपीओईचा इंटरफेस निवडा, खालचा इथरनेट पोर्ट नव्हे. इथे हमखास चूक होते. ‘रिक्वेस्ट’ मध्ये प्रीफिक्स, पूलला एक नाव, पूल प्रीफिक्स लांबी ६४, आणि डीफॉल्ट रूट जोडण्यावर खूण. स्थिती ‘बाउंड’ झाली की प्रीफिक्स मिळाला. ती ‘सर्चिंग’ वरच अडकली तर दोनच शक्यता बघा: आयएसपी देत नाही, किंवा तुमचीच फायरवॉल उत्तर अडवते आहे. उत्तर यूडीपी पोर्ट ५४६ वर, एफई८० च्या पत्त्यावरून येते. त्यासाठी ‘इनपुट’ साखळीत परवानगी हवी.

शेवटी लॅन ब्रिजवर पत्ता लावा: ::१/६४, ‘फ्रॉम पूल’ मध्ये मघाचे नाव, आणि ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ चालू. पुढचा भाग राउटर पूलमधून स्वतः भरतो. नेबर डिस्कव्हरीची मूळ नोंद सगळ्या इंटरफेसवर असते, ती फक्त ब्रिजपुरती करा. आणि आयपीव्ही६ फायरवॉल उघडून पाहा. जुने कॉन्फिगरेशन तसेच ठेवून आयपीव्ही६ नंतर चालू केलेल्या राउटरवर ती पूर्ण रिकामी असू शकते.

लिनक्सवर बनवलेला राउटर अर्ध्या तासाने आयपीव्ही६ विसरतो. का?

फॉरवर्डिंग चालू केले की लिनक्स स्वतःला राउटर समजतो आणि समोरच्या राउटरच्या जाहिराती ऐकणे बंद करतो. आधी ऐकलेला डीफॉल्ट रूट मुदत संपेपर्यंत टिकतो, बहुधा १,८०० सेकंद, मग नाहीसा होतो. वॅन इंटरफेससाठी ‘अ‍ॅक्सेप्ट आरए’ ची किंमत १ ऐवजी २ करा. २ चा अर्थ ‘फॉरवर्डिंग चालू असले तरी ऐक’. ओपनडब्ल्यूआरटी हे काम स्वतः सांभाळते. तिथे फक्त ‘वॅन६’ इंटरफेस आणि लॅनची ‘असाइनमेंट’ लांबी (६४ किंवा ६०) पाहायची.

संगणकावर गेटवे म्हणून एफई८०::१ दिसतो. हे चूक आहे का?

नाही, असेच असते. आयपीव्ही६ मध्ये यंत्र गेटवेचा पत्ता राउटरच्या जाहिरातीवरून घेते आणि ती जाहिरात लिंक-लोकल पत्त्यावरूनच निघते. पब्लिक गट बदलला तरी गेटवे तोच राहतो, हा त्याचा फायदा. तो पिंग करताना मागे टक्क्याचे चिन्ह आणि इंटरफेस लावावा लागतो: विंडोजवर इंटरफेसचा क्रमांक, लिनक्सवर त्याचे नाव.

पत्ते वाटायला डीएचसीपीव्ही६ ठेवू की एसएलएएसी?

एसएलएएसी ठेवाच. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ ने स्वतःसाठी एकेक पत्ता मागत नाहीत. फक्त डीएचसीपीव्ही६ ठेवले तर लॅपटॉप चालतील आणि अँड्रॉइड फोन व्ही४ वरच राहतील.

राउटरच्या जाहिरातीत तीन खुणा महत्त्वाच्या आहेत. ‘ए’ चालू म्हणजे पत्ता स्वतः बनवा. ‘एम’ चालू म्हणजे पत्ता डीएचसीपीव्ही६ कडेही मागा. ‘ओ’ चालू म्हणजे पत्ता सोडून बाकीची माहिती, जसे डीएनएस, डीएचसीपीव्ही६ कडून घ्या. साध्या कार्यालयाला ‘ए’ चालू आणि डीएनएसचे पत्ते थेट जाहिरातीत, एवढे पुरते. विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्या जाहिरातीतला डीएनएस वाचतात. त्याहून जुनी यंत्रे असतील तर ‘ओ’ चालू करून साधा डीएचसीपीव्ही६ सर्व्हरही जोडीला ठेवा.

डीएचसीपीव्ही६ मध्ये गेटवे देण्याची सोयच नाही. राउटरची जाहिरात बंद करून केवळ डीएचसीपीव्ही६ ठेवले तर यंत्रांना पत्ता मिळेल, बाहेरचा रस्ता मिळणार नाही. एक आणखी: यंत्रे खासगीपणासाठी तात्पुरते पत्ते बनवतात आणि ते बदलत राहतात. कोणता पत्ता कोणाचा याची नोंद ठेवणे बंधनकारक असेल तर राउटरचे शेजारी-टेबल ठरावीक वेळाने साठवून ठेवा.

नॅट नाही म्हणजे सगळी यंत्रे उघड्यावर?

फायरवॉल लावली नाही तर होय. नॅट (अनेक खासगी पत्ते एका पब्लिक पत्त्यामागे ठेवणे) हे संरक्षणासाठी बनवलेले नव्हते, पण त्याच्या आडोशाने बाहेरून येणारी जोडणी अडत होती. तो आडोसा व्ही६ मध्ये जातो. म्हणून वॅनवर पत्ता लावण्याआधी स्टेटफुल फायरवॉल लावा: आतून सुरू झालेल्या जोडणीची उत्तरे येऊ द्या, बाहेरून सुरू होणारी नवी जोडणी नाकारा, आणि ज्या सर्व्हरला बाहेरून लागायचे आहे त्याच्या नेमक्या पत्त्याला आणि पोर्टला परवानगी द्या.

राउटरचे स्वतःचे दार विसरू नका. सिस्कोवर व्हीटीवाय (दुरून लॉगिनच्या) ओळींवर ‘अ‍ॅक्सेस-क्लास’ लावून एसएसएच कार्यालयापुरते मर्यादित केले असेल, तर ते फक्त व्ही४ साठी आहे. व्ही६ ला ‘आयपीव्ही६ अ‍ॅक्सेस-क्लास’ वेगळा लागतो. तो लावेपर्यंत राउटरचे लॉगिन जगभरासाठी उघडे असते. एसएनएमपी (देखरेखीची व्यवस्था) आणि वेब पान यांचेही तेच. व्ही४ च्या नियमांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीसमोर व्ही६ ची जोडीदार ओळ आहे का ते खूण करत तपासा.

व्ही४ मध्ये आम्ही आयसीएमपी (पिंग आणि त्रुटी-सूचना वाहणारी पॅकेटे) अडवतो. इथेही अडवू?

अडवू नका. व्ही६ चे अर्धे काम आयसीएमपीव्ही६ वर चालते. १३३ ते १३६ हे प्रकार राउटर आणि शेजारी शोधतात, म्हणजे व्ही४ मधल्या एआरपीचे काम करतात. ते अडवले की लॅनच बंद पडते. प्रकार २, ‘पॅकेट टू बिग’, अडवला की पुढच्या प्रश्नातली तक्रार सुरू होते. १, ३ आणि ४ या त्रुटी-सूचना, १२८-१२९ हे पिंग, हेही जाऊ द्या, हवे तर वेगमर्यादा लावून.

सिस्कोच्या आयपीव्ही६ यादीत शेजारी शोधायच्या पॅकेटांना न दिसणारी परवानगी शेवटी असतेच. पण लॉगसाठी तुम्ही स्वतः शेवटी ‘डिनाय आयपीव्ही६ एनी एनी’ लिहिले की ती परवानगी त्या ओळीखाली जाते आणि निकामी होते. ती ओळ लिहायचीच असेल तर तिच्या वर ‘एनडी-एनए’ आणि ‘एनडी-एनएस’ ला स्पष्ट परवानगी द्या.

पिंग जातो, काही साइट उघडतात, काही मात्र लटकून राहतात. काय बिघडले?

जवळजवळ नेहमी एमटीयू, म्हणजे दुव्यावरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. व्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. पॅकेट मोठे असेल तर ते टाकून देतात आणि पाठवणाऱ्याला प्रकार २ चा निरोप देतात. तो निरोप कुठल्यातरी फायरवॉलने गिळला की पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटा पिंग जातो, जोडणी लागते, पण पान भरत नाही.

पीपीपीओईवर एमटीयू १,४९२ असतो. व्ही६ चे हेडर ४० बाइट आणि टीसीपीचे २०, म्हणून एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाचा कमाल आकार) १,४३२ ठेवा. व्ही४ साठीचा १,४५२ हा आकडा इथे नक्कल केला तर २० बाइट जास्त होतात आणि नेमका हाच घोटाळा होतो. तपासण्यासाठी विंडोजवर ‘पिंग -६ -एल १४४४’ करा. १,४४४ मध्ये पिंगचे ८ आणि हेडरचे ४० मिळवले की १,४९२ होतात. तो गेला नाही पण १,२३२ चा गेला, तर वाटेत कुठेतरी बोगदा (एका पॅकेटच्या पोटात दुसरे पॅकेट नेणारा दुवा) असू शकतो. आयपीव्ही६ च्या प्रत्येक दुव्याला किमान १,२८० चा एमटीयू द्यावाच लागतो, त्याखाली काही शोधायची गरज नाही.

राउटर रीस्टार्ट झाला की प्रीफिक्स बदलतो आणि प्रिंटर, एनएएस सापडत नाहीत.

कायमचा गट मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर आतल्या वापरासाठी खासगी गट जोडीला लावा. तो एफडी ने सुरू होतो, पुढचे ४० बिट यदृच्छेने निवडायचे असतात, आणि तयार होतो तो /४८. एफडी००:१:: असा सोपा गट घेण्याचा मोह आवरा. उद्या दोन शाखा व्हीपीएनने जोडल्या तर दोघींचा गट एकच निघेल. याची एक मर्यादाही आहे: एकाच नावाला खासगी व्ही६ आणि व्ही४ असे दोन्ही पत्ते असतील तर बहुतेक यंत्रे व्ही४ पसंत करतात. काम होते, पण रहदारी व्ही६ वरून दिसत नाही म्हणून शोधाशोध करू नका.

राउटरचे यंत्र बदलले तरी गट बदलू शकतो, कारण आयएसपी तुम्हाला डीयूआयडी या ओळखीने ओळखतो आणि नव्या यंत्राची ओळख वेगळी असते. नवा राउटर लावताना शक्य असेल तिथे जुना डीयूआयडी त्यावर टाका.

ओएसपीएफ आणि बीजीपीचे काय?

ओएसपीएफ ही आपल्याच नेटवर्कमधल्या राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवण्याची पद्धत. तिची आवृत्ती २ फक्त व्ही४ वाहते. व्ही६ साठी आवृत्ती ३ वेगळी चालवा. तिच्यात शेजार लिंक-लोकल पत्त्यांवर जुळतो. राउटर आयडी मात्र अजून ३२ बिटांचाच आहे. राउटरवर एकही व्ही४ पत्ता नसेल तर आयडी मिळत नाही आणि प्रक्रिया उठतच नाही. तो हाताने द्या, जसे १०.०.०.१. हा पत्ता नव्हे, फक्त ओळखक्रमांक आहे.

बीजीपीसाठी व्ही४ चे रूट व्ही४ सत्रावर आणि व्ही६ चे व्ही६ सत्रावर ठेवा. एकाच सत्रावर दोन्ही चालवता येतात, पण नेक्स्ट-हॉप निरुपयोगी येण्याचा त्रास होतो. व्ही६ च्या अ‍ॅड्रेस-फॅमिलीत शेजाऱ्याला ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला विसरू नका.

जुने स्विच चालतील का?

लेअर २ स्विच चालतात. लेअर ३ चे जुने स्विच, उदाहरणार्थ कॅटॅलिस्ट ३५६० किंवा ३७५०, मेमरीची विभागणी बदलल्याशिवाय आयपीव्ही६ ची कमांडच स्वीकारत नाहीत. ‘एसडीएम प्रिफर’ ने ड्युअल साचा निवडून रीलोड करावा लागतो, तेव्हा रात्रीची वेळ ठरवा. या साच्यात व्ही४ रूटसाठीची जागा कमी होते, ती तुम्हाला पुरते का ते आधी पाहा.

स्विचवर आरए गार्ड (भलत्या पोर्टवरून येणाऱ्या राउटर-जाहिराती अडवणारी सोय) असेल तर यंत्रांच्या पोर्टांवर चालू करा. कोणीतरी घरून आणलेला वायफाय राउटर उलटा जोडला की तो स्वतःला गेटवे म्हणून जाहीर करतो आणि सगळे लॅन त्याच्याकडे वळते.

६टू४ बोगदा वापरू का?

नको. २००२ ने सुरू होणारे पत्ते वापरून व्ही४ मधून व्ही६ नेणारी ती पद्धत आता मोडीत निघाली आहे आणि तिचा सार्वजनिक एनीकास्ट पत्ता २०१५ मध्ये अधिकृतपणे रद्द झाला. जुन्या राउटरमध्ये हा पर्याय चालू असेल तर बंद करा.

फक्त आयपीव्ही६ चे लॅन ठेवता येईल का?

येईल, पण नॅट६४ आणि डीएनएस६४ लागतात. ज्या साइटला व्ही६ नाही तिचा व्ही४ पत्ता ६४:एफएफ९बी::/९६ या गटात बसवून दिला जातो. ज्या अ‍ॅपमध्ये व्ही४ पत्ता थेट लिहिलेला असतो ती यात अडकते. फोन हा प्रश्न ४६४एक्सएलएटी (फोनमध्येच व्ही४ चे व्ही६ करणारी सोय) ने सोडवतात, जुनी उपस्थिती यंत्रे आणि डीव्हीआर सोडवू शकत नाहीत. आधी पाहुण्यांच्या वायफायवर करून पाहा.

काही बिघडलेच तर मागे कसे यायचे?

राउटरवरून आयपीव्ही६ तडकाफडकी पुसू नका. यंत्रांकडे घेतलेले पत्ते तसेच राहतात. जाहिरातीतली नेहमीची मुदत वापरासाठी ७ दिवस आणि वैधतेसाठी ३० दिवसांची असते, त्यामुळे ती यंत्रे बंद रस्त्यावर धडपडत राहतात.

आधी डीएनएसमधून बाहेरच्या सेवांच्या क्वाड-ए (नावाचा व्ही६ पत्ता सांगणाऱ्या) नोंदी काढा आणि त्यांचा टीटीएल (इतरांनी नोंद साठवून ठेवण्याची मुदत) संपू द्या. मग जाहिरातीत राउटरची मुदत ० आणि प्रीफिक्सची ‘प्रिफर्ड’ मुदत ० करा. यंत्रे लगेच त्या पत्त्यावरून नवी जोडणी करणे थांबवतात. वैधतेची मुदत साध्या जाहिरातीने दोन तासांच्या खाली आणता येत नाही, म्हणून तेवढा वेळ राउटरला ही जाहिरात करत राहू द्या. त्यानंतर लॅनवरचा पत्ता काढा, आणि वॅनवरचा सगळ्यात शेवटी.